अभिभावकगण कृपया ध्यान दें

बऱ्हाणपूरच्या स्थानकावर गाडी रखडली की भोंगा आधी 'कृपया ध्यान दें' म्हणतो आणि मग गाडी किती उशिरा, कोणत्या फलाटावर, हेही सांगतो. प्रगतिपत्रकातला भोंगा मात्र पहिल्या अर्ध्या ओळीवरच बंद पडतो. 'बच्चा कमजोर है, अभिभावक ध्यान दें।' कशात कमजोर? अक्षरांची उलटापालट होते, फळा दिसत नाही, घरात मराठी आणि वर्गात हिंदी म्हणून गोंधळ उडतो, की पोर उपाशीपोटी येते? चकार शब्द नाही. तिमाहीला हाच शेरा, सहामाहीलाही हाच. वार्षिकला तेवढी शाई बदलते. खाली पालकाची सही घेतली की प्रकरण निकाली.

आता हे ध्यान द्यायचे कोणी? बारा तास लूमवर उभ्या राहणाऱ्या बापाने, की केळीच्या बागेतून दिवेलागणीला परतणाऱ्या आईने? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकावर टाकलेले कर्तव्य 10 व्या कलमात आहे: मुलाला शाळेत घालणे. ते त्याने केव्हाच पार पाडले. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखून लागेल तशी जादा शिकवणी देणे हे 24 व्या कलमानुसार शिक्षकाचे काम. शेऱ्याच्या एका ओळीत हे कलम उचलून थेट लूमच्या खडखडाटात नेऊन टाकले जाते. ध्यान म्हणजे ट्यूशन लावा, हे पालकाला न सांगताही कळते.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीतले मदतकार्य यांना तर त्याच कायद्याने मुभा दिली आहे. मग शेराही तसा लिहा ना: 'मास्तर जनगणनेला गेले आहेत, अभिभावक ध्यान दें।' निदान खरे तरी होईल. दुसरा आक्षेप ठरलेला: पोरगा अभ्यासच करत नाही. असेलही. पण आळस की अडचण, हे पाहिल्याशिवाय कसे ठरले? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचन-लेखन-गणितातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात धरले, आणि ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत उपाय करा, असे 16 व्या कलमात शाळांनाच बजावले. पुढची गंमत आकड्यांची. परीक्षेत तरायला 33 टक्के पुरतात. पण त्या कायद्यातल्या काही खास हक्कांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. म्हणजे न येण्यातही पोराने येण्यापेक्षा सात टक्के जास्त मिळवायचे. एवढ्या गुणांनी नापास होता आले असते, तर ते कमजोर कशाला ठरले असते!

आणि सगळ्यात संतापजनक काय, तर 'तपासणी केली तर मुलावर शिक्का बसेल' ही कळकळ. अहो, 'कमजोर' हा शिक्का नाही तर काय आहे? कोणतीही चाचणी न घेता, लाल शाईने, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी तुम्हीच तो मारला आहे. तपासणीच्या शिक्क्यातून निदान जादा वेळ, लेखनिक, वेगळी शिकवण असे काही निघू शकते. तुमच्या शिक्क्यातून फक्त मार निघतो, तोही घरी गेल्यावर. तेव्हा पत्रकात शेऱ्याखाली आणखी एक रकाना छापा: 'शाळेने काय केले, कोणी केले, किती तास केले.' आणि तो कोरा असेल तर पालकाने सही न करता पत्रक परत पाठवावे.