भगदाडाचं अंदाजपत्रक

नळदुर्गला बोरी नदीच्या पुरानं चारशे वर्षं धडका दिल्या, तरी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल जागचा हलला नाही. त्याच धाराशिव जिल्ह्यात एखाद्या शाळेची कुंपणभिंत पाडायला मात्र चेंडू आणायला चढलेलं पोरही पुरतं. भिंत चार इंची, खांब कागदावर, काम ३१ मार्चच्या घाईतलं. म्हणजे ऐन टँकरच्या दिवसांतलं; मग बांधकामावर पाणी मारणार कोण? कोनशिला तेवढी भक्कम. तिच्यावर नावं आहेत ना!

पैसे कमी असले तरी टिकणारी भिंत बांधता येते; इथं काळा दगड जवळ मिळतो. खाली तीन फूट डबराचं बांधकाम, दर दहा फुटांवर खांब, वर कुणाला बसता येणार नाही असा उतरता काँक्रीटचा माथा. आणि गाव जाण्यायेण्यासाठी दरवेळी भिंतीला जिथं भगदाड पाडतं, तिथं माणूस जाईल पण म्हैस अडेल एवढी वाट आधीच सोडावी. अडचण एकच. वाट सोडली की भगदाड पडत नाही, भगदाड नाही तर दुरुस्तीचं अंदाजपत्रक नाही, आणि एवढं नुकसान सोसायला ठेकेदार तयार नाही.