गायमुखला शर्यतीची गाडी

घोडबंदरच्या सोसायट्यांत पार्किंगखालोखाल जोरात चालणारा वाद म्हणजे, जमवलेले सिनेमे फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवावेत की एसएसडीवर? कौल बहुधा एसएसडीला मिळतो. का, तर ती सेकंदाला ७,००० एमबी वाचते! आता ४के ब्लू-रेची भरगच्च फाइलसुद्धा सेकंदाला फार तर १६ एमबी मागते आणि बिचारी हार्ड डिस्क १०० सहज देते, तेही निम्म्याहून कमी पैशांत. पण गायमुखच्या कोंडीत उभं राहायलाही आपल्याला शर्यतीची गाडीच हवी.

बरं, एसएसडी विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडली, तर तिच्यातला विद्युतभार गळून फाइली बिघडू शकतात. हार्ड डिस्कला टेबलावरून पडण्याची धास्ती. थोडक्यात, अमरपट्टा कोणाकडेच नाही. पण ‘दुसरी प्रत कुठंय?’ असं विचारलं की सभा बरखास्त! पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि नायट्रेटची जुनी रिळं खाक झाली. ज्याची दुसरी प्रत नाही, ते गेलं की गेलंच. वेग कितीही असो.

तेव्हा एका एसएसडीच्या पैशांत दोन साध्या डिस्क घ्या. एक घरी, दुसरी मेहुण्याकडे. तो ती परत देणार नाही, हे मान्य. पण निदान सिनेमे बघेल तरी. आपण नुसते जमवतो.