सहल कुणाची, काटा कुणाचा?

राष्ट्रपतीची अप्रत्यक्ष निवडणूक लोकशाहीत बसते का, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या विचारवंतांना पाच वर्षांतून एकदा पडतो. आम्हा बीडकरांना तो सरकार बदललं की पडतो, सरपंचाच्या निमित्तानं. २०१७ ला फडणवीसांनी सरपंच थेट जनतेतून आणला. २०२० ला आघाडी सरकारला साक्षात्कार झाला, की खरी लोकशाही सदस्यांतूनच. २०२२ ला शिंदे आले आणि जनता पुन्हा शहाणी ठरली. तीच जनता, तेच गाव, मधली दोन वर्षं तेवढी ढ.

गावाला दोन्ही पद्धती गोड, कारण दोन्हींत गाडी फुकट. थेट निवडणूक असली की उमेदवार ट्रॅव्हल्स लावून ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकातून, सांगली-कोल्हापुरातून आणतो. बोटाला शाई लागली की परत फडावर. सदस्यांतून असली की टोळ्या फडात आणि सदस्य सहलीला. निवडीच्या दिवशी ते थेट ग्रामपंचायतीच्या दारात जीपमधून उतरतात: डोळ्याला गॉगल, कपाळाला अंगारा, खिशात मोबाइल मात्र एकाच्याही नाही.

राष्ट्रपतीच्या वेळी एवढा बंदोबस्त लागत नाही. व्हिप नाही, मतदान गुप्त, पेनसुद्धा आयोगाचा, जांभळ्या शाईचा. २००७ ला शिवसेनेनं एनडीएत राहून समोरच्या आघाडीच्या प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. आणि १८ जुलै २०२२ च्या मतदानाला आपले कित्येक आमदार शिंदेंबरोबर सुरत-गुवाहाटीची सहल उरकूनच आले होते. तिकडं अमेरिकेतल्या अप्रत्यक्ष निवडणुकीत २०१६ ला ट्रम्पतात्या २८ लाख मतांनी मागं राहून निवडून आले. आमच्याकडं एवढं गणित जमलं असतं तर पोरगा सोसायटीचा चेअरमन झाला असता.

खटकतो तो काटा. आमदाराच्या मताचं वजन १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं. महाराष्ट्राचा आमदार १७५ चा, बीडचे सहा मिळून १,०५०. तेव्हा राज्य पाच कोटींचं होतं, २०११ ला सव्वाअकरा कोटींचं. कुटुंबनियोजन पाळणाऱ्या राज्यांचं नुकसान नको म्हणून काटा गोठवला, हे कारण रास्तच. पण कारखान्याच्या काटामारीला शिव्या घालणाऱ्या आमच्या कोयत्याला हे कुणी सांगितलंय?

हा काटा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनं सुटायचाय. मोजणी ठरलीय फेब्रुवारी २०२७ ला, ऐन गाळपात, टोळ्या फडावर असताना. मतदानाला गाड्या लावणाऱ्यांनो, त्या महिन्यातही दोन-चार लावा. तेवढं नसेल जमत, तर निदान मुकादमाला सांगून कोपीतल्या माणसांची नावं तरी लिहून घ्या.