सासरे आमचे, किस्सा त्यांचा

किस्से सांगणाऱ्या माणसाने किस्से सांगणाऱ्या दुसऱ्या माणसाबरोबर एका गाडीतून प्रवास करू नये. हे मला खंबाटकी घाट चढतानाच कळायला हवं होतं. कळलं ते रात्री पावणेनऊला, व्यासपीठावर, मांडीवर शाल आणि हातात नारळ असताना.

तालुक्याच्या एका गावात वाचनालयाची व्याख्यानमाला होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली, आणि पुढे गावोगावच्या वाचनालयांनी तो कित्ता गिरवला. रानड्यांचा हेतू लोकांना शहाणं करण्याचा होता. हल्ली शेवटच्या दिवशी आमच्यासारख्यांना बोलावतात, ते बहुधा आठवडाभर चढलेलं शहाणपण घरी जाण्यापूर्वी जरा उतरावं म्हणून. कार्यक्रमाचं नाव होतं ‘हास्यमैफल’. तीन वक्ते, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, स्वतःच्या आयुष्यातल्या गमतीजमती आणि शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांना उत्तरं.

तीन वक्ते म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला मी. पुण्याहून आयोजकांनी एकच गाडी पाठवली होती. वेगवेगळं आणणं परवडत नाही, हे मानधनाच्या आकड्यावरून मला आधीच कळलं होतं.

गाडीत तीन किस्सेवाले बसले की पत्त्यांचा डाव सुरू होतो. एकाने टाकलं की दुसऱ्याने वरचढ पान टाकायचं. मास्तरांनी पहिलं टाकलं : शाळा तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी वर्गाला सांगून ठेवलं होतं की, मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. हा किस्सा मी आजवर चार मास्तरांच्या तोंडून, चार वेगवेगळ्या जिल्ह्यांत घडलेला ऐकला आहे. तरी हसलो. पुढे आपल्यावर पाळी येणार असते.

बँकवाल्यांनी त्यावर शेतकऱ्याचं पान टाकलं. ठेव ठेवलेला एक म्हातारा दर महिन्याला बँकेत यायचा आणि म्हणायचा, “माझं पैसं दावा.” हे तेवढ्या नोटा समोर ठेवायचे, म्हातारा थुंकी लावून मोजायचा आणि “हायती. ठिवा आत,” म्हणून एसटी पकडायचा.

आता माझी पाळी. शहाणा माणूस इथे एखादं दुय्यम पान टाकतो आणि हुकूम रात्रीसाठी ठेवतो. पण घाट होता, हवा छान होती, आणि समोर दोन जाणकार श्रोते. मी सासऱ्यांचा किस्सा काढला.

साल 1988. लग्नाला चार वर्षं झालेली. नंबर लावून मिळालेली स्कूटर. मागे सासरे, त्यांच्या हातात हापूसची पेटी. पेट्रोल पंपावर थांबलो, पेट्रोल भरलं, किक मारली आणि निघालो. सासरे मूळचे अबोल. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मला कंठ फुटला. चार वर्षं मनात साठलेलं सगळं मी मान न वळवता बोलून टाकलं. लग्नात मानपानावरून झालेला अपमान, दिवाळसणाला दिलेलं बंद पडकं घड्याळ, प्रत्येक गोष्टीत ‘आमच्या वेळी’ काढण्याची त्यांची सवय. मागून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, माणूस पहिल्यांदाच ऐकून घेतोय. भरून आलं. घरी पोचलो, “उतरा, अण्णा,” म्हणालो आणि वळून पाहिलं, तर मागे कोणी नाही. अण्णा पंपावरच. अर्ध्या तासाने पेटीसकट रिक्षातून आले आणि काही न बोलता आत गेले.

गाडीत हशा झाला. ड्रायव्हरनेही मान वळवली, घाटात. बँकवाले तर फारच रंगले. चहाला थांबलो तेव्हा बारीकसारीक विचारायला लागले. पंप कोणत्या हाताला होता? अण्णा टोपी घालायचे का? पेटी लाकडी की पुठ्ठ्याची? मला वाटलं, काय रसिक माणूस आहे! चोरही घर पाहायला येतो तेव्हा असाच कौतुकाने भिंतींवरून नजर फिरवत असणार.

रात्री बँकवाले पहिले उठले. नमस्कार, चमत्कार, आणि म्हणाले, “माझे सासरे फार अबोल.”

व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या विनोदावर हसावंच लागतं, कारण फोटोग्राफर पुढेच असतो. मी हसत होतो. पुण्याचं कोल्हापूर झालं होतं, हापूसच्या पेटीचा फणस झाला होता. पोटाशी फणस धरून पंपावर उभा राहिलेला सासरा लोकांनी डोक्यावर घेतला. पुढच्या रांगेतल्या एक आजी पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या सासऱ्यांना माझ्या तोंडून इतका हशा कधीच मिळाला नव्हता.

आमच्या आधीच्या पिढीत ही भानगड नव्हती. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर बरोबर हिंडले, एका व्यासपीठावरून कथा सांगत राहिले. पण ‘धिंड’ म्हणजे पाटील आणि ‘व्यंकूची शिकवणी’ म्हणजे मिरासदार, हे श्रोत्यांना घरून निघतानाच ठाऊक असायचं. छापलेल्या कथेला सातबारा असतो. किस्सा म्हणजे गायरान, ज्याची जनावरं आधी शिरली त्याचं. त्याहून शहाणे चि. वि. जोशी. बडोद्यात पालीचं अध्यापन करणारे गृहस्थ, पण यच्चयावत फजिती त्यांनी चिमणरावांच्या नावावर टाकली. सासऱ्यांची चौकशी करायची तर चिमणरावांकडे जा. हल्ली आम्हाला सगळं ‘माझ्या आयुष्यात घडलेलं’ हवं असतं, आणि ‘माझ्या’ हा शब्द कोणालाही उच्चारता येतो.

दुसरा मी. माझ्याकडे सासऱ्यांशिवाय काही आणलेलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढली, पण लोकांना नळाला पाणी न येण्यावर हसू येत नाही. मी माईकसमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मी बँकेत असताना एक म्हातारा शेतकरी यायचा...” बँकवाल्यांनी एकदम खुर्चीत पाय जवळ घेतले. मग तेही हसले. फोटोग्राफर होता.

मास्तरांनी मात्र आपला किस्सा डोळ्यांत तेल घालून राखला होता. त्यांनी विजयी मुद्रेने डाव्या-उजव्या हाताचं सांगितलं. सभागृह शांत. इतकं शांत की मागे चहाचे पेले मांडत होते ते ऐकू आलं. सचिव माझ्या कानाशी लागले, “गेल्या वर्षी एकांनी हाच सांगितला होता. त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा.”

मग सूत्रसंचालक पोराने माईक घेतला, “आता प्रश्नोत्तरं. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी कृपया हात वर करा.”

साडेतीनशे माणसांनी डावा हात वर केला.

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो. त्यात आम्हा तिघांचा काडीचा वाटा नव्हता.

मग चिठ्ठ्या आल्या. नव्या पोरांच्या स्टँडअपला मी एकदा गेलो होतो. तिथे कलाकारच पहिल्या रांगेतल्या माणसाला विचारतो, तुम्ही काय करता, लग्न झालंय का, मग अजून का नाही. आमच्याकडे अजून श्रोतेच विचारतात, तेही वहीचं पान फाडून, चार घड्या घालून, खाली नाव न घालता. पहिल्या चिठ्ठीत एक पांढरी मोटार फाटकातून हलवायला सांगितलं होतं. दुसरीत ‘मानधन किती?’ तिसरीत ‘विनोदी माणूस घरी विनोदी असतो का?’ याचं उत्तर आम्ही तिघांनीही एकाच वेळी “नाही” असं दिलं, आणि एवढं एक उत्तर स्वतःच्या आयुष्यातलं होतं.

चौथी माझ्या नावाची. ‘आपण कोणत्या बँकेत होतात? मी निवृत्त शाखाधिकारी आहे. चेहरा ओळखीचा वाटतो.’

“ती बँक विलीन झाली,” मी म्हणालो. बँकांच्या विलीनीकरणाने देशाचं काय झालं ते अर्थतज्ज्ञ सांगतील, माझं भलं झालं.

पाचवी बँकवाल्यांना. ‘तुमचे सासरे आता कुठे असतात?’

त्यांनी क्षणभर खाली पाहिलं. जाणता कलाकार. म्हणाले, “गेल्याच वर्षी गेले.” सभागृहात च्च् च्च् झालं. त्या आजींनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. माझा सासरा माझ्यादेखत मेला आणि मला सुतकही पाळता येईना.

परतताना गाडीत शिरवळपर्यंत कोणी बोललं नाही. मग बँकवाले म्हणाले, “रागावू नका, पण तुमचा किस्सा जरा ढिला होता. मी आवळला.” खोटं कशाला बोला, आवळला होता. फणस हापूसपेक्षा उजवाच. तेव्हापासून मीही फणसच सांगतो.

घरी पोचलो तर रात्रीचा दीड वाजलेला, आणि अण्णा दिवाणखान्यात जागे. वय एक्क्याण्णव, हल्ली आमच्याकडेच असतात. वाचनालयाने कार्यक्रम मोबाईलवरून थेट दाखवला होता आणि नातवाने त्यांना तो लावून दिला होता.

“बसा, जावईबापू,” अण्णा म्हणाले. “गेल्या वर्षी गेलो म्हणे मी.”

मी फणसाचं काहीतरी पुटपुटलो.

“फणस नव्हता. हापूसही नव्हते. पाच किलो कांदे होते.” अण्णांनी चष्मा काढून पुसला. “आणि पंपावर मी राहिलो नव्हतो. बसलो होतो मागे. पंप सोडल्यावर तुम्ही बोलायला लागलात. पहिली दोन वाक्यं ऐकली, पुढे सिग्नल लागला, उतरलो.”

ती दोन वाक्यं कोणती, हे विचारायचा मला धीर झाला नाही. घड्याळाचं तरी त्यात नसावं.

अण्णा उठले, भिंतीला धरत खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “रिक्षाला साडेअकरा रुपये झाले होते. ते अजून यायचेत.”