मूळ टीसी सांभाळणाऱ्या महोदयांस

परमपूज्य अ‍ॅडमिशन-एजंट साहेबांच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

निकालाच्या दिवसांत आपले पाय गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या वाटेला लागतात, याबद्दल आधी आभार. मुहूर्त काढावा तर आपणच! बारावीचा निकाल आणि तेंदूपत्त्याची मजुरी साधारण एकाच सुमारास येते, हे शिक्षण खात्याला अजून उमगायचं आहे. पहाटे जंगलात जाऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या हातांत चार पैसे आले न आले, तोच आपली मोटारसायकल अंगणात हजर. एवढी तत्परता आम्ही अँब्युलन्सचीही पाहिली नाही.

आपलं माहितीपत्रक तर घराघरांत जपून ठेवलं आहे. कव्हरवर काचेची इमारत, पांढऱ्या कोटातल्या मुली. आत 'शंभर टक्के शिष्यवृत्ती'. मागच्या पानावर फक्त मोबाइल नंबर. कॉलेजचा पत्ता आपण छापला नाही. छापला असता तर एखादा बाप बघायला निघाला असता. त्याचं एसटीचं तिकीट वाचवल्याबद्दल ऋणी आहोत.

आपला नम्रपणाही लोभस. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल वगैरे घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं. आपण ते 'आमच्याकडे मुलींना मोफत' असं स्वतःच्या नावावर खपवलंत. सरकारला श्रेयाचा हव्यास नसतो, हे आपण बरोबर ओळखलंत.

केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडच्या कटकटीतून आपण पोरांना सोडवलंत, हे उपकार तर फिटणारे नाहीत. या फेऱ्या ऐन पावसाळ्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. ऑप्शन फॉर्म भरायला पोरगं काय पोहत जाणार? म्हणून आपण खाटेवर बसून अभय दिलंत, "कॅप-बिप सोडा काका, सीट पक्की." सीट खरंच पक्की निघाली. व्यवस्थापन कोट्यातली! त्या कोट्यातून प्रवेश घेतला की सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळत नाही, ही क्षुल्लक बाब आपण कॉलेजच्या पहिल्या नोटिशीसाठी राखून ठेवलीत. नोटीस आली. पोराच्या बापाने ती मला वाचायला दिली. मी वाचली, तो ऐकत राहिला, आणि तरीही म्हणाला, "साहेब भला माणूस हाय जी, चहा पण आपल्याच पैशानं पाजते."

बघा, केवढी पुण्याई आपली.

नर्सिंगच्या क्षेत्रात तर आपण क्रांतीच केलीत. जीएनएमला तीन वर्षं घालवणारे लोक मंदबुद्धीच म्हणायचे. आपल्याकडे सहा महिन्यांत नर्स तयार, फोटो आणि फ्रेमसकट. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होत नाही, सरकारी भरतीत अर्ज करता येत नाही, पण फ्रेम भिंतीवर फार शोभते.

गावातल्या एका मुलीच्या बँकेच्या खात्याला आपण स्वतःचाच मोबाइल नंबर जोडून दिलात, त्यालाही तोड नाही. आमच्या गावात रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते. ओटीपीसाठी मुलीने टेकडी चढू नये, एवढ्या काळजीपोटी आपण तो स्वतःकडे येईल अशी सोय केलीत. खात्यात पैसे आले आणि गेले, हेही तिला कळायला नको, मनाला उगाच त्रास.

आता मूळ कागदांविषयी. त्याच मुलीची टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला आपण "फक्त दोन दिवसांसाठी" नेलेत. आदिवासी घरात जातवैधतेसाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधताना काय होतं, आपल्याला ठाऊक आहेच; ज्या आजोबाने शाळा पाहिली नाही, त्याचं शाळेतलं नाव कुठून आणायचं? इतक्या कष्टाने जमलेली फाइल झोपडीत भिजली असती. आपल्या कपाटात ती कोरडी आहे. मुलगी म्हणते, कॉलेज सोडते, कागद द्या. आपण म्हणता, आधी वर्षाची फी भरा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच कॉलेजांना बजावलं आहे. पण आपण कुठे कॉलेज आहात?

आपल्या घराण्याची परंपरा मोठी आहे, याचा आम्हा गडचिरोलीकरांना अभिमान वाटतो. शिष्यवृत्ती घोटाळा इथूनच गाजायला लागला आणि २०१६ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तेव्हा विद्यार्थी कागदावरच असायचे. आपण निदान खराखुरा विद्यार्थी नेता. केवढी सुधारणा!

खरं सांगू? आपल्याला नावं ठेवायची माझी जीभ अडखळते. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे, मेडिकल तर आता दोन्ही जिल्ह्यांत आहे. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मुलाच्या खात्यात येतात. हे सगळं सांगायला त्या अंगणात कोण गेलं? मार्गदर्शन मेळावा होतो तो तालुक्याच्या सभागृहात, प्रास्ताविक-सत्कार-आभारासह, आणि मे महिन्यात ज्युनिअर कॉलेजला कुलूप. खाटेवर टेकून, पोराचं नाव विचारून, "पुढं काय करायचं ठरवलंस बाळा?" असं विचारणारे आपण एकटेच. तेव्हा पुढल्या मेमध्येही अवश्य यावं. या खेपेला त्याच खाटेवर मी आणि दोन माजी विद्यार्थी कॅपचं वेळापत्रक घेऊन आधीपासून बसलेले असू. चहा आमच्याकडून.

आपला कृपाभिलाषी,
एक मास्तर

ता. क. : सोबत मुलीचा लेखी अर्ज जोडला आहे, त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात दिली असून पोच घेतली आहे. मूळ टीसी, दोन्ही गुणपत्रिका आणि जातीचा दाखला स्पीड पोस्टाने पाठवावा. टपालखर्च कळवावा, मनीऑर्डर करतो.