सशाची पंगत

मराठी माणसाला ससा भेटतो तो गोष्टीत. तिथे तो कासवाशी शर्यत हरतो, सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो, नाहीतर पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळल्याची बातमी देत सुटतो. झाडाची साल खाताना मात्र तो कुठल्याच गोष्टीत दिसत नाही. ते ज्ञान हवं असेल तर मिशिगनमध्ये घर घ्यावं आणि परसात हनीक्रिस्प सफरचंदाची सहा कलमं लावावीत.

इथला कॉटनटेल ससा उन्हाळ्यात अगदी सभ्य असतो. गवत खातो, आपल्याला बघून पळतो. गवत बर्फाखाली गेलं की त्याची नजर झाडांकडे वळते. म्हाताऱ्या झाडाची खरबरीत साल त्याला नको असते, कोवळी गुळगुळीत हवी. त्याचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे ते झिजण्याचीही काळजी नाही. खोडाभोवती पुरतं कडं करून साल काढली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. आणि झाड काही लगेच मरत नाही. वसंतात पालवी येते, कधी फुलंही येतात, आपण फोटो काढून नातेवाइकांना पाठवतो आणि मग ते मान टाकतं.

फांद्या कोणी खाल्ल्या ते ओळखता येतं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी ओढून तोडतं आणि टोकाच्या चिंध्या होतात. सशाचा काप तिरका आणि स्वच्छ. रत्नागिरीला हापूसची कलमं बांधण्यात हयात गेलेल्या आमच्या मामांनीही त्या कापाचा फोटो बघून "हात चांगला आहे" म्हणून दाद दिली.

सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणतं, न्हाव्याकडचे केस आणून बुंध्याशी टाक. कुणी म्हणतं, साबणाच्या वड्या टांग. दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्यात कुजक्या अंड्यांचा अर्क असतो. आमच्या घरात अंडं शिजत नाही, पण परसात कुजकं शिंपडायला हिची हरकत नव्हती. फक्त त्या कपड्यांनी देवघराकडे फिरकायचं नाही. पाऊस-बर्फ पडला की फवारा धुऊन जातो. जॅकेटचा वास जात नाही.

खरा उपाय तारेच्या जाळीचा. पाव इंच भोकांची, खोडापासून जरा लांब उभी केलेली, आणि तळ दोन-तीन इंच मातीत पुरलेला. नाहीतर बर्फाखालून बोगदे काढत येणारे रानउंदीर सशाचं राहिलेलं काम पुरं करतात. उंचीचं गणित मात्र बेरकी आहे. ऑक्टोबरात वाटतं, दोन फूट पुष्कळ झाली. जानेवारीत दीड फूट बर्फ साचतो आणि ससा त्यावर उभा राहून आरामात जेवतो. म्हणून जाळी जमिनीपासून मोजायचीच नाही, साचणाऱ्या बर्फाच्या वर दोन फूट धरायची.

घरात मला पाठिंबा शून्य. मुलीकडे बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचं पीटर रॅबिट आहे. १९०२ साली आलेलं हे पुस्तक बागवाल्यांची बदनामी अजून करतंय. त्यातल्या पीटरच्या बापाला मॅकग्रेगरबाईंनी कणकेत भरून भाजलेलं असतं. मी जाळी घेऊन निघालो की मुलगी मला 'मिस्टर मॅकग्रेगर' म्हणून हाक मारते. तिकडे रत्नागिरीहून आई: "संकष्टीला ज्याच्याकडे बघून उपास सोडतोस, त्या चंद्रावर बसलाय तो. त्याच्याशी कसली रे भांडणं? खायला घाल काहीतरी."

वैताग असा, की इथले जाणकारही जवळजवळ हेच सांगतात. हिवाळा सरताना छाटणी करायची आणि छाटलेल्या डहाळ्या काही दिवस झाडाखालीच टाकायच्या. आयतं कोवळं समोर पडल्यावर ससा जाळीशी झटापट कशाला करेल? मी डहाळ्या पसरल्या. संध्याकाळी पंगत बसली तेव्हा फोन खिडकीला लावून आईला दाखवलं.

"बघ, कसा शहाण्यासारखा जेवतोय," ती म्हणाली. "आणि पाणी ठेवलंस का? कोमट ठेव हो, तिकडे थंडी फार."