थिबाला पंचवीस मिनिटं

डिसेंबर लागला की रत्नागिरीत सहलीच्या गाड्या दिसायला लागतात. लाल एस.टी., पुढच्या काचेवर शाळेच्या नावाचा कागद, खिडक्यांतून बाहेर आलेले हात आणि आतून गाण्याच्या भेंड्या. मला या गाड्या मनापासून आवडतात. घाटावरच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला समुद्र अशाच गाडीतून उतरून पाहिलेला असतो. या गाड्या येत राहाव्यात असं वाटतं, म्हणूनच आज त्यांच्याबद्दल थोडं कडक लिहितो आहे.

मागच्या हिवाळ्यात घाटावरच्या एका शाळेतल्या ओळखीच्या सरांचा फोन आला. सातवीची मुलं घेऊन येतोय, थिबा राजवाड्यात त्यांच्याशी थोडं बोलाल का? मी आनंदाने हो म्हटलं. गाडी पहाटे चारला निघाली होती. आंबा घाटात निम्म्या पोरांना गाडी लागली, दोनदा थांबावं लागलं. नऊला पोचणारी गाडी साडेदहाला पोचली. सरांच्या हातात दिवसाचा कागद होता : थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, मत्स्यालय, भगवतीचा किल्ला, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड. एकूण सात ठिकाणं. राजवाड्याच्या वाट्याला पंचवीस मिनिटं.

मुलं दोन रांगांत आत गेली आणि दोन रांगांत बाहेर आली. खालच्या दालनातल्या मूर्तींसमोरून रांग हलत राहिली. मागचा पुढच्याला ढकलतो, पुढचा पुढे सरकतो, डोळा कशावर ठरायच्या आत पुढची वस्तू येते. वरच्या मजल्यावर एक मुलगी तेवढी खिडकीशी थांबली. अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडाची खिडकी. तिथून खाली भाट्याची खाडी दिसते, काजळी नदी समुद्राला मिळते ते मुख दिसतं आणि पुढे पाणीच पाणी. तिने मला विचारलं, "सर, राजाला इथनं त्याचं गाव दिसत होतं का?"

इतका नेमका प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी मोठ्या माणसाने विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही बाळ. हा पश्चिमेचा समुद्र. त्याचा देश पाठीमागे, पूर्वेला. मधे सह्याद्री, मग आख्खा हिंदुस्थान, मग बंगालचा उपसागर आणि त्याच्याही पलीकडे मंडाले. ती वळून मागच्या भिंतीकडे बघायला लागली. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "आटपा, आटपा, पुळ्याला पोचायचंय!"

ती पळाली. तो प्रश्न काय होता, ते मला कळलं नाही.

तिला आणखी तासभर मिळाला असता तर मी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं की नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, बायकामुलींसकट राजवाड्यातून उचलून बोटीवर चढवलं. आधी मद्रासला नेलं, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस. चार मुलींपैकी धाकटी तर इथेच, रत्नागिरीत जन्मली. ज्या राजवाड्यात आपण उभे आहोत तो राजा आला तेव्हा तयार नव्हता. तो राहायला मिळाला १९१० मध्ये, म्हणजे इथे आल्यावर चोवीस वर्षांनी. सत्तावीस वर्षांचा तरुण पन्नाशी ओलांडून या जांभ्याच्या भिंतींत शिरला आणि जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. एकतीस वर्षांत त्याला एकदाही घरी जाऊ दिलं नाही. राणी सुपायालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. राजा मात्र मेल्यानंतरही इथेच राहिला, शिवाजीनगरच्या समाधीत.

आणि सांगितलं असतं की मोठी राजकन्या मायदेशी गेली, पण रत्नागिरीला परत आली. राजवाड्याच्या चाकरीतल्या एका इथल्याच माणसाशी तिने जन्म जोडला होता. १९४७ मध्ये ती याच गावात वारली. तिची लेक इथेच वाढली, मराठीच बोलली, हलाखीत दिवस काढून इथेच म्हातारी झाली. ब्रह्मदेशाच्या राजाची सख्खी नात रत्नागिरीच्या बाजारात आपल्यासारखीच भाजी घेत होती. सातवीतल्या मुलीला हे ऐकवलं तर ती जन्मात विसरणार नाही.

पण मला सगळ्यांत जास्त तळमळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कागदावरचं दुसरं ठिकाण होतं टिळक जन्मस्थान. राजवाड्यापासून टिळक आळी किती लांब? रिक्षा मीटर पडायच्या आत पोचवते म्हणा ना. २३ जुलै १८५६ रोजी त्या कौलारू घरात टिळक जन्मले. हेच टिळक १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा घेऊन कुठे गेले? मंडालेला. थिबाच्या राजधानीत. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडलेला आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कोंडलेला, आणि हे दोन्ही एकाच वेळी. १९१० मध्ये थिबा नव्या राजवाड्यात शिरला आणि १९१०-११ च्या त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. १९१२ मध्ये टिळकांची पत्नी पुण्यात वारली, ते मंडालेत. त्याच वर्षी थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत वारली, तिचं माहेर हजारो मैल दूर.

ही दोन ठिकाणं एकमेकांना जोडून दाखवली तर इंग्रजी सत्ता म्हणजे काय, ते मुलाला एका सकाळीत कळतं. माणसाला त्याच्या मातीतून उपटायचं आणि जिथे त्याची भाषा कुणी बोलत नाही तिथे नेऊन ठेवायचं. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला पाठवलं, तो १८६२ मध्ये तिथेच मेला. आणि ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीला आणला. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, घाट अवघड, पावसाळ्यात आगबोटी बंद. वर्षातले चार महिने हे गाव जगापासून तुटलेलंच असायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. सावरकरांनाही १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध ठेवलं, ते याच कारणाने. त्या तेरा वर्षांतून १९३१ चं पतितपावन मंदिर उभं राहिलं, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून. सगळं एका गावात आणि एका धाग्यात आहे. आपण तो धागा तोडतो आणि मुलांच्या हातात सुटे मणी ठेवतो.

त्या दिवशी गाडीत चढताना एका मुलाची वही खाली पडली. मी उचलून दिली. उघड्या पानावर सात ठिकाणं एकाखाली एक लिहिलेली होती, समोर बरोबरची खूण करायला चौकोन. थिबा राजवाड्यापुढे खूण झालेली होती आणि शेजारी दोनच शब्द : "लाल आहे."

यात मुलाचा काय दोष? त्याने जे पंचवीस मिनिटांत दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं.

आता जरा हिशेब मांडू. सात ठिकाणं म्हणजे चौदा वेळा चढ-उतार. पन्नास मुलांची गाडी, प्रत्येक वेळी हजेरी, कुणाची चप्पल, कुणाची पिशवी. दर वेळी दहा मिनिटं धरली तरी दोन तास वीस मिनिटं गाडीच्या दारात गेली. यायचे-जायचे दहा तास. जेवणाचा तास. गावातल्या गावात आणि पुळ्यापर्यंतची धावाधाव वेगळी. मग पाहायला राहिलं किती? पालकांनी दिलेल्या पैशातून मुलांना मिळतो तो मुख्यतः गाडीच्या पत्र्याचा सहवास.

मी शिक्षकांना बोल लावत नाही. संमतीपत्रं गोळा करणं, परवानग्या काढणं, औषधाची पेटी, उलटीच्या पिशव्या, रात्री उशिरा शेवटचं मूल पालकाच्या हाती देईपर्यंत जीव टांगणीला. हे करणाऱ्या माणसाला मी वाकून नमस्कार करीन. दोष आहे तो "किती पैसे आणि किती ठिकाणं" हा एकच प्रश्न विचारणाऱ्या आपणा पालकांचा. पाच ठिकाणं दाखवणारी शाळा आपल्याला महाग वाटते आणि त्याच पैशात आठ दाखवणारी स्वस्त. सहल आपण किलोवर तोलतो. मोठ्यांच्या सहलींतही तेच. सोसायटीची असो, भिशीची असो, कार्यालयाची असो, पत्रकावर ठिकाणांचा आकडा सगळ्यात ठळक.

आणि मुलींचं एक बोलायलाच हवं. त्या दिवशी मुलांसोबतच्या बाईंनी मला हळूच सांगितलं की अर्ध्या मुलींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. वाटेत स्वच्छ जागा मिळेल की नाही याची खात्री नाही, म्हणून बाटल्या भरलेल्याच. डिसेंबर असला तरी कोकणातलं दुपारचं ऊन. बारा-बारा वर्षांच्या पोरी तहान मारून इतिहास बघत होत्या. सहलीच्या कागदावर ठिकाणांच्या आधी हे लिहा : मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आणि किती वाजता. ते ठरलं की मग पुढचं ठरवा.

दुसरं लिहा, भरती-ओहोटीची वेळ. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरी आजही मी पाहतो, दिवसाच्या शेवटी थकलेली, घाईतली गाडी समुद्रावर येते आणि मुलं कपड्यांसकट पाण्यात धावतात. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायलाही कुणाला उसंत नसते. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, हे इथलं पोरगंही सांगेल. समुद्र दाखवायचा असेल तर त्यालाही पुरेसा वेळ द्या आणि दिवसाउजेडी द्या.

हे आत्ता का लिहितो? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातला हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे, शेजारच्या जिल्ह्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. अभिमानाची गोष्ट आहे. पण यापुढे गाड्या वाढणार आणि त्या कागदावर आणखी तीन नावं वाढणार. सुवर्णदुर्गाला होडीने जावं लागतं. भरती, वारा, होडीत बसणारी माणसं, सगळं बघून. तो किल्ला सातातला एक म्हणून "करता" येणारच नाही. तुळाजी आंग्र्यांच्या हातून १७५५ मध्ये तो कसा गेला, हे त्याच्या तटावर बसून ऐकायचं असतं. त्याला एक आख्खा दिवस लागतो.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती अगदी करता येण्याजोगी आहे. यंदा रत्नागिरीला याल तर एकच धागा निवडा. सकाळी आधी टिळक आळीत जा. त्या घराच्या अंगणात मुलांना बसवा आणि इथून एक माणूस मंडालेला गेला, एवढंच सांगा. मग राजवाड्यात या, आणि मंडालेहून एक माणूस इथे आला, हे सांगा. दोन तास द्या. मुलांना पांगू द्या. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडून तिच्यापाशी बसावं : एक खिडकी, एक मूर्ती, छपराचा एक कोपरा. तिचं चित्र काढावं, तिला एक प्रश्न विचारावा. डबे खाऊन झाल्यावर शिवाजीनगरला समाधीपाशी जा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे माथा टेकायला आले होते. एका देशाचा प्रमुख जिथे मुद्दाम येतो, तिथे आपल्या सहलीची गाडी थांबत नाही, हे मला फार लागतं. उरलेली संध्याकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर घालवा, वाळूत, पाण्यापासून अंतर राखून. ठिकाणं चार होतील, पण गोष्ट एक होईल आणि मुलं ती घरी जाऊन आजीला सांगतील.

सांगायला माणूस लागतो म्हणाल, तर तो या गावात आहे. निवृत्त शिक्षक आहेत, ग्रंथालयांतली माणसं आहेत, इतिहासाचं वेड असलेली तरुण पोरं आहेत. आठ दिवस आधी फोन करा. कुणीही पैसे मागणार नाही. मी तर येईनच.

त्या खिडकीतल्या मुलीची शाळा यंदाही येणार आहे, असं सर म्हणाले. ती आता आठवीत असेल. मी सरांना निरोप ठेवला आहे आणि तोच तुम्हालाही सांगतो : राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. मंगळवारी या, सकाळी या, आणि निघताना कागदावरची निम्मी ठिकाणं खोडून या.